आमचुराच्या दिवसांत पोरं कुणी सांभाळायची?

अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईचा घाट लागतो. घाट चढून गेलं की दोन्ही अंगांना पाडे विखुरलेले दिसतात. या टेकाडावर एक घर, पलीकडच्या उतारावर दुसरं. अशाच एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मेळावा ठेवला होता. रंगीत कागद, खडूच्या पेट्या, चित्रांचे तक्ते, फुगे असं सगळं सामान घेऊन आम्ही चौघी सकाळी दहाला पोहोचलो. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि वाट बघत बसलो.

साडेअकरापर्यंत अकरा मुलं आली. त्यातली चार कडेवर बसून आली होती. आईच्या नव्हे, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. डोक्यावरचा पत्रा तापला होता. मेणाचे खडू मऊ होऊन बोटांना चिकटत होते. बारा वाजता आम्ही गाशा गुंडाळला.

परतताना एका घरापुढे एक बाई कैरीच्या फोडी उन्हात पसरत होती. मी जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं, "मावशी, निरोप धाडला होता ना? पोराला का नाही पाठवलं?" हात न थांबवता ती तिच्या बोलीत बोलली. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली, "ताई, पोरं सगळी आंब्याखाली होती. तुम्हीच खोलीत जाऊन बसलात."

मला राग आला होता, हे कबूल करायला हवं. इतक्या लांबून आलो, इतकी तयारी केली, आणि यांना किंमत नाही, असं वाटलं. घाट उतरेपर्यंत राग ओसरला आणि लाज वाटायला लागली. कारण बाई खरं तेच बोलली होती. मुलं जिथे होती तिथे आम्ही गेलो नव्हतो. आणि मुलं तिथे का होती, हेही आम्ही कधी नीट पाहिलं नव्हतं.

शहरातल्या मैत्रिणींना उन्हाळा म्हटलं की सुट्टी आठवते. सातपुड्यातल्या बाईचा उन्हाळा म्हणजे दुसरी सुगीच. होळीच्या सुमाराला मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात. ऊन चढायच्या आत आणि गुराढोरांनी तोंड लावायच्या आत ती वेचायची, म्हणून बाई अंधारातच झाडाखाली जाते. मोह सरतो तोवर चारोळी येते. मग कैरी. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरातला आमचूर व्यापाऱ्यांना चांगला ठाऊक आहे, तो तयार करणारे हात मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत. कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करायच्या, खडकावर नाहीतर घरावर वाळत घालायच्या, वळवाचं आभाळ दिसलं की धावत जाऊन गोळा करायच्या. फोडीला पाऊस लागला की ती काळी पडते आणि भाव उतरतो. शिवाय झरे आटलेले असतात, तेव्हा पाण्याची पायपीट लांबते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं परत आलेली असतात, त्यांच्या घरांची डागडुजीही याच दिवसांत.

या सगळ्यात तान्हं मूल झोळीत असतं. पण तीन-चार वर्षांचं मूल झोळीत मावत नाही आणि कोयत्याजवळ ठेवता येत नाही. मग ते जातं मोठ्या बहिणीकडे. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की घरकाम हे काम आहे, मूल सांभाळणं हे काम आहे. पण एक गोष्ट मी सातपुड्यात शिकले. आईच्या हातून हे काम सुटतं तेव्हा ते बापाकडे जात नाही. ते आठ वर्षांच्या मुलीकडे जातं. मोहाचे दिवस नेमके शाळेच्या शेवटच्या महिन्यांतले. मुलगी आधी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहते, मग चार दिवस, मग जूनमध्ये तिचं नाव पटावर असतं आणि ती नसते. मुलींच्या गळतीवर आपण निवेदनं देतो. त्या गळतीची सुरुवात कडेवरच्या भावापासून होते, हे त्या निवेदनांत येत नाही.

तेव्हा लहान मुलांसाठी उन्हाळ्यात, उघड्यावर, झाडाखाली काही करणं ही माझ्या लेखी हौसेची गोष्ट नाही. शहरांत उन्हाळी शिबिरं निघतात. भरपूर फी घेऊन मुलांना एक दिवस मातीत खेळायला नेतात, कारण त्यांच्याकडे माती उरलेली नाही. इथे माती आहे, झाड आहे, नदीची वाळू आहे. नाही ते एवढंच, की मुलाकडे लक्ष देणारं, त्याच्याशी बोलणारं, आणि त्या कामाचा मोबदला मिळणारं मोठं माणूस.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. आपल्याच राज्यात, दुसऱ्या एका आदिवासी मुलखात, दोन बायांनी हा प्रश्न कधीच हातात घेतला होता. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेराव्या वर्षी लग्न होऊन लगेच विधवा झालेल्या. समाजाने ज्यांना कोपऱ्यात बसवलं असतं अशा या दोघी. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालमंदिर काढलं, पण वस्तीतली गरिबांची मुलं येईनात. ताराबाईंनी आयांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत तर आपण वस्तीत जाऊ, त्यांच्या अंगणात बालवाडी भरवू, असं ठरवलं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या जवळ. तिथे आणखी एक अडचण दिसली. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात जात. मग शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाने गुरं सोडून शाळेत यावं असा आग्रह न धरता, गुरं चरतात तिथे शिक्षक गेला. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याच्याशेजारी बालवाडी, त्याच्याशेजारी प्राथमिक शाळा, अशी त्यांची विकासवाडी होती. तिचा अर्थ नीट पाहा. तान्हं भावंडं बहिणीच्या नजरेच्या टप्प्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती राहिलं तर बहीण शिकू शकते. आपण स्त्रीवादी भाषेत जे मांडतो ते या दोघींनी मोठा शब्द न वापरता करून दाखवलं होतं.

असं करणाऱ्या त्या दोघीच नव्हत्या. १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी लहान मुलांची उघड्यावरची शाळा काढली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, बाया दारूगोळ्याच्या कारखान्यांत जायला लागल्या आणि अशा शाळेची गरज सगळ्यांना पटली. आपल्याकडे १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांना मजूर बायांची मुलं धुळीत पडलेली दिसली. तिथे एका तंबूत फिरती पाळणाघरं सुरू झाली. दरवेळी सुरुवात एकाच जागी झाली आहे, आई जिथे काम करते तिथे. इमारत नंतर.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, अंगण मागे राहिलं. आज अंगणवाडी म्हणजे खोली, कुलूप, वजनकाटा, रजिस्टरं आणि २०२१ पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. यातलं काही नको असं मी म्हणत नाही. पक्की खोली मिळवण्यासाठी आपणच मोर्चे काढले आहेत. पावसाळ्यात ती लागतेच. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत तीन वर्षांचं मूल बसवून ठेवणं हा छळ आहे, आणि मूल आलं नाही म्हणून त्याचा आहार बुडणं हा दुसरा छळ. पूरक आहार वर्षातले ३०० दिवस द्यायचा असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलाचा हक्क आहे. हक्काला उन्हाळी सुट्टी नसते.

त्या बाईच्या बोलण्यानंतर पुढच्या वर्षी आम्ही त्याच पाड्यावर पुन्हा गेलो. या वेळी सामान नेलं नाही. आधी बायांबरोबर बसलो आणि विचारलं, तुम्ही कुठे असता, किती वाजता, पोरं त्रास देतात ती कधी. सकाळी साडेसहा ते साडेनऊ असं ठरलं. जागा मोठ्या आंब्याची, कैऱ्या सोलायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. सेविका, मदतनीस आणि पाड्यातल्या दोन आज्या. दोन जुनी लुगडी फांदीला बांधून आडोसा केला. पाण्याचा माठ, ओला फडका झाकून. आणि एक नियम, दहाच्या पुढे एकही मूल उन्हात नाही.

मुलांनी काय केलं? कोयी, चिंचोके आणि खडे वेगळे केले. सागाचं पान, पळसाचं पान, मोहाचं पान नुसतं चाचपून, डोळे मिटून ओळखलं. आम्हा बाहेरच्यांना त्यातलं एकही जमलं नाही, त्यावर मुलं पोट धरून हसली. जमिनीत काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी दगड ठेवला, थोड्या वेळाने बघितलं तर सावली दगड सोडून गेलेली. चार वर्षांचा एक मुलगा तीन दिवस त्या सावलीची राखण करत बसला होता. एका आजीने याहामोगीची गोष्ट सांगितली, मुलांच्या बोलीत. सेविका त्यातच मराठी शब्द हळूच पेरत गेली. ज्या मुलाने खोलीत वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्याने आजीला मध्येच थांबवून तिची चूक काढली.

सगळ्यात मजा आली ती तराजूची. एका बापाने बांबूच्या काठीला दोन टोपल्या बांधून दिल्या. एका टोपलीत ओल्या फोडी, दुसऱ्यात तेवढ्याच सुक्या. मुलांना प्रश्न पडला, फोडी तेवढ्याच, मग ही बाजू वर का जाते? त्यांच्याआधी आया पुढे आल्या. जड-हलकं, कमी-जास्त यावर बोलता बोलता गाडी बाजारातल्या काट्यावर गेली, आणि त्या सकाळी मुलांचा धडा बाजूला राहून बायांचाच झाला. आम्ही तो थांबवला नाही.

सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पहिल्या दोन दिवसांत झाडावरच्या लाल मुंग्यांनी मुलांना फोडून काढलं, तेव्हा झाड बदललं. कच्च्या कैऱ्या खाऊन दोघांचं पोट बिघडलं. आहाराचं पातेलं खोलीपासून आंब्यापर्यंत मदतनीसच डोक्यावर वाहायची, आणि हे पाचव्या दिवसापर्यंत आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज एका आईची नाहीतर बापाची पाळी लावली होती. आया आल्या. बाप तिघेच आले, त्यातला एक तराजूवाला.

याबद्दल बोलताना मला तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला अधिकाऱ्यांचा असतो, कधी आपल्याही मैत्रिणींचा. आदिवासी पोरं जन्मभर रानातच असतात, त्यांना रानात नेऊन काय शिकवणार? मी म्हणते, रानात असणं वेगळं आणि रानात असताना कुणी विचारणारं, ऐकणारं, नाव देणारं असणं वेगळं. मुलाला पानं ओळखता येतात, हे ज्ञान आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पहिलीच्या वर्गात गेल्यावर त्याला उलटंच कळतं, की तुझी बोली चूक, तुझं रान मागास. त्याआधी एकदा तरी त्याला आपलं माहीत असलेलं मोलाचं वाटायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. कामाच्या जागी मुलं बसवली की हळूहळू ती कामालाच लागतील. ही भीती खरी आहे. म्हणून आम्ही एक रेघ आखली. मुलांनी हाताळलेल्या फोडी विकायच्या नाहीत, टोपल्या भरायला त्यांना लावायचं नाही, कोयता त्या झाडाजवळ आणायचा नाही. मूल बघेल, मोजेल, वास घेईल, कंटाळा आला की उठून जाईल. कामाला उठून जाता येत नाही, खेळातून उठता येतं. दोन्हींतला फरक मला एवढा पुरतो.

तिसरा आक्षेप मात्र मी स्वतःच स्वतःवर घेते. आणखी एक काम, आणि तेही पुन्हा बायांच्याच डोक्यावर? सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. तिला कामगार म्हणायला सरकार तयार नसतं. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर होत्या, तेव्हा आपल्यातल्या अनेकजणी त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसल्या. त्याच बाईला आपण सहज म्हणायचं, "ताई, उन्हाळ्यात जरा झाडाखाली या ना!" मग आपल्यात आणि फुकटात राबवणाऱ्यांत फरक काय? आमच्या त्या आंब्याखालच्या दिवसांत दोन आज्यांना आम्ही काही दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही म्हणून दिलं नाही. नेमकं हेच तर घराघरांत चालतं.

म्हणून मुलांच्या शिक्षणाची ही मागणी बाईच्या मजुरीच्या मागणीपासून तोडायची नाही. याला आधार आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं गेलं होतं की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, असं कायद्याने त्या दिवशी मान्य केलं. मग मोह आणि आमचुराच्या कामाला हे का लागू नये? तिथे मालक नाही, मुकादम नाही, म्हणून पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्न येतो. माझं उत्तर, ग्रामसभेकडे. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायदा इथे लागू आहे. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला. तो रस्त्याच्या फरश्यांवर आणि सभागृहाच्या रंगावर किती जातो, हे तुम्ही आपापल्या गावात पाहिलं असेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत एवढाच ठराव करा. मार्च ते मे, प्रत्येक मोठ्या पाड्यावर झाडाखाली अंगणवाडी, सेविकेच्या मदतीला पाड्यातल्या दोन बाया, त्यांना रोजची मजुरी, आहार झाडाखाली पोहोचवण्याची सोय, पाण्याचा माठ आणि सावली. बापांची पाळी ठरावातच लिहा, नाहीतर ती येत नाही.

शहादा-तळोद्यात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बाया पुढे आल्या, दारूची मडकी फोडली, नवऱ्यांच्या मारझोडीबद्दल उघड बोलल्या. बायांच्या बैठकांना जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे की बाई बैठकीला येते तेव्हा तिच्याबरोबर पोर येतं, आणि पोर रडलं की बाई उठून जाते. किती ठराव असे बाई उठून गेल्यावर झाले असतील! लहान मुलांचा प्रश्न हा मऊ प्रश्न, शिक्षिकांचा प्रश्न, असं आपणही समजत आलो. तो बाईच्या कामाचा, मजुरीचा आणि बोलण्याच्या हक्काचाही प्रश्न आहे.

जाता जाता एक सांगते. आंब्याखाली बसायला लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी एक मुलगी दिसली. खोलीतल्या मेळाव्याला भावाला कडेवर घेऊन आलेली तीच. भाऊ आजीजवळ चिंचोके मांडत होता. हिला काय करावं ते कळेना. थोडा वेळ ती एका कुशीवर कललेली, जणू कडेवर कुणी आहे अशीच उभी राहिली. मग इकडेतिकडे बघितलं आणि सरळ शेजारच्या झाडावर चढली. साडेनऊला हाक मारली तेव्हाच खाली आली.

त्या वर्षी आमचे पैसे आणि माणसं पंधरा दिवसच पुरली. सोळाव्या दिवशी भाऊ पुन्हा तिच्या कडेवर होता. येत्या होळीआधी तुमच्या गावच्या महिला सभेत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.